रोलरच्या आवाजातलं बोलणं

हेडेविक, स्वीडन
१२ जानेवारी १९७५

प्रिय साइमी आत्या,

आधी बातमी सांगते, मग खुशाली. नव्या वर्षापासून मी दोन नंबरच्या इस्त्रीच्या रोलरची प्रमुख झाले! माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर आता निळी पट्टी आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या चादरी आमच्या धुलाई कारखान्यात येतात, हे तुला माहीतच आहे. त्यातल्या निम्म्या आता माझ्या देखरेखीखाली इस्त्री होतात. पंधराव्या वर्षी तू मला हाताला धरून ताम्पेरेच्या कापडगिरणीत नेलंस आणि मागासमोर उभं केलंस, तेव्हा मी रडत होते. आता बघ.

दुसरी बातमी. इथे फिल्म काढायला माणसं येणार आहेत. नाटकाची नाही, खऱ्या कामाची फिल्म. टीव्हीवर दाखवणार. काढणारी बाईच आहे, गुन्वोर नावाची. ती आम्हाला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे देशाला लोकांचं घर म्हणतात. आजारी पडा, म्हातारे व्हा, घर सांभाळेल. मला फक्त एवढंच दाखवायचंय की या घरातली धुणी कोण धुतं." आम्ही एकमेकींकडे बघितलं. धुणारी एकही बाई स्वीडिश नव्हती.

रोलर चालू झाला की इथेही आपल्या मागखात्यासारखंच. कानात काही शिरत नाही. आपल्याच गिरणीतली तेर्त्तू रोलरच्या पलीकडच्या बाजूला चादरी झेलते, मी अलीकडून घालते, आणि दोघी दिवसभर ओठांनी बोलतो, तुम्ही बायका मागावर बोलायचात तसं. इथल्यांना वाटतं आम्ही प्रार्थना करतो.

नोव्हेंबरात एका युगोस्लाव्ह बाईचा हात रोलरमध्ये गेला, ते कळवायचं राहिलं. चूक तिचीच होती म्हणतात. बाकी सगळं छान.

तुझी राइली

*

ताम्पेरे, फिनलंड
२६ जानेवारी १९७५

राइली,

तुझी निळी पट्टी सगळ्या पिस्पाला वस्तीला कळली आहे. शनिवारी सार्वजनिक सौनात हिल्माला सांगितलं. ती माझ्याहून बहिरी, त्यामुळे तिला सांगितलं म्हणजे वाफेत बसलेल्या सगळ्या बायकांनी वाचलं. एकजण म्हणाली, "शेवटी साइमीचीच तालीम!" मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

आता एक विचारते. ती युगोस्लाव्ह बाई म्हणजे ल्युबित्साच ना? उन्हाळ्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात ल्युबित्सा होती. ल्युबित्साने भोपळी मिरच्या भाजून आणल्या, ल्युबित्साला तू ओठांचं बोलणं शिकवतेस आणि ती पहिल्यांदा शिव्याच शिकली, ल्युबित्सा चादरीची घडी अशी घालते की कोपऱ्याला कोपरा चिकटतो. मग नोव्हेंबरपासून ल्युबित्सा नाही. आणि आता "एक युगोस्लाव्ह बाई". मला ऐकू येत नाही, राइली, पण वाचता चांगलं येतं.

हात कसा आहे तिचा?

साइमी आत्या

*

हेडेविक
२ मार्च १९७५

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. फिल्मवाल्यांमुळे सगळा कारखाना उलटापालटा झाला होता. परवा गेले. सहा आठवडे होते.

गुन्वोरबद्दल किती सांगू! अशी बाई मी पाहिली नाही. पहिल्या दिवशी तिने कॅमेरा उघडलाच नाही. रबरी बूट चढवले आणि मळक्या कपड्यांच्या खोलीत आमच्याबरोबर उभी राहिली. तुला त्या खोलीचं कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नाही. रक्त, ओकाऱ्या, बाळंतपणाच्या चादरी, आणि त्यांच्यात गुंडाळून आलेल्या सुया. एकदा कवळी निघाली, एकदा लग्नाची अंगठी. सगळं हाताने वेगळं करायचं. गुन्वोर दोन तासांनी बाहेर जाऊन उलटी करून आली, तोंड पुसलं, पुन्हा गोणी उचलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता मी विचारू शकते." मग तिने विचारायला सुरुवात केली. एका बाईला तिने विचारलं, घरी कोणती चादर अंथरता? ती म्हणाली, "कुठलीही. मी गेल्या गेल्या झोपते, चादर बघत नाही." गुन्वोर हसली नाही. लिहून घेतलं.

रोलरच्या खोलीत मात्र तिचा माइक हरला. नुसती घरघर. शेवटी तिने तिथे आवाजाशिवायच चित्रण केलं. माझ्या तोंडावर वाफ येते ते तिला इतकं आवडलं की कॅमेरा माझ्यावरून हलेचना. आम्ही बोलत होतो ते पाहून विचारलं, काय म्हणता दोघी? मी म्हटलं, गाणं. ती म्हणाली, मग त्यावर गाणं घालते, अकॉर्डियनचं. बरं झालं म्हटलं.

ल्युबित्सा बरी आहे.

तुझी राइली

*

ताम्पेरे
१९ ऑगस्ट १९७५

राइली,

मार्चनंतर तुझी दोन कार्डं आली, दोन्हींवर समुद्र आहे आणि मागे तीन ओळी. समुद्र आमच्याकडच्या टपाल कचेरीतही मिळतो.

हिल्मा पंच्याहत्तरीची झाली. ब्लूबेरी तोडायला गेलो होतो, माझी पाठ धरली. काळं सॉसेज आणि आंबट लाल लिंगोनबेरी खाऊन तुझी आठवण काढली. लिही काहीतरी.

आत्या

*

हेडेविक
२१ सप्टेंबर १९७५

प्रिय आत्या,

फिल्म इथल्या टीव्हीवर दाखवली. नाव आहे "पांढऱ्या चादरी". वर्तमानपत्रांत आलं, खासदार बोलले, आमच्या मळक्या कपड्यांच्या खोलीत हवा खेचणारे पंखे बसले. विश्वास बसतो? नऊ वर्षं मागत होतो. बसस्टॉपवर एका म्हाताऱ्या स्वीडिश बाईने माझे दोन्ही हात धरले.

आता म्हणे फिनलंडच्या टीव्हीवरही ऑक्टोबरच्या नऊ तारखेला दाखवणार आहेत. तू मुद्दाम बघायला जाऊ नकोस. तुझ्याकडे टीव्ही नाही, लोकांकडे जाऊन बसायचं, वर तुझे डोळे. लांबलचक आहे आणि मधे मधे कंटाळवाणी. मी त्यात बरीही दिसत नाही. त्यापेक्षा मी फोटो पाठवते.

राइली

*

ताम्पेरे
१० ऑक्टोबर १९७५

राइली,

गेले होते. शेजारच्या सुतारांकडे. सुतारीणबाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं. रांग एकच होती. हिल्मा आणि आमच्या मागावरची आउने आल्या होत्या. तू जाऊ नको म्हणालीस तेव्हाच मी ठरवलं होतं की जायचं.

फिल्म फार चांगली आहे. हे आधी सांगते, कारण नंतरचं वाचून तुला वाटेल मी रागावूनच बघायला बसले. मी चव्वेचाळीस वर्षं मागावर उभी राहिले, पण बाईच्या कामाकडे असं टक लावून बघणारं कुणी मी कधी पाहिलं नव्हतं. त्या मळक्या खोलीत तुम्ही सगळ्या चादरी झटकता आणि एक सुई खाली पडते, तिथे सुतार उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ती चादर न बघता झोपणारी बाई. तुझ्या त्या गुन्वोरला माझा नमस्कार सांग. तिला डोळे आहेत.

मग रोलर आला. वाफ, आणि वाफेत तू. केवढी वाळली आहेस. खाली अक्षरं आली: "काम करता करता बायका गातात." सुतारीणबाई म्हणाल्या, "किती गोड वाजतंय हो!"

राइली, तू गात नव्हतीस.

सुतारांच्या घरात सहाजण होते. तिघांनी अकॉर्डियन ऐकलं. आम्ही तिघींनी तुला वाचलं. तुझे ओठ अजूनही मीच शिकवल्यासारखे स्वच्छ हलतात. तू म्हणालीस:

"ल्युबित्साने दांडा बांधला नाही. सुंडेलिनने बांधला. मी बघितलं. मी कागदावर सही केली. म्हणून मला ही जागा मिळाली."

हिल्माने माझ्याकडे पाहिलं. आउनेने कॉफीच्या कपात पाहिलं. घरी येताना चढावर हिल्माने माझा हात धरला होता, एरवी मी तिचा धरते.

कोणता दांडा? कोण सुंडेलिन? कसली सही? आता समुद्राचं कार्ड पाठवू नकोस.

आत्या

*

हेडेविक
१९ ऑक्टोबर १९७५

आत्या,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. हे चौथं.

सुंडेलिन आमचा मुकादम. रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. हात आत ओढला जाऊ लागला की मनगट त्या दांड्याला लागतं आणि रोलर थांबतो. पण जाड चादर आली तरी तो थांबायचा, दिवसातून वीस वेळा. काम मागे पडायचं. सुंडेलिनने फाटक्या चादरीची पट्टी काढली आणि दांडा वर बांधून टाकला. माझ्या डोळ्यांसमोर. वर मला म्हणाला, "आता पळेल बघ!" त्यानंतर चौथ्या दिवशी ल्युबित्साचा उजवा हात आत गेला. रोलर थांबला नाही. तेर्त्तू त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होती. मी होते. मी धावत जाऊन खटका बंद केला, तो भिंतीवर आहे, नऊ पावलांवर. तेव्हा मोजली नव्हती, पण आता रोज मोजते.

दुसऱ्या दिवशी सुंडेलिन कॉफी आणि कागद घेऊन आला. कागद स्वीडिशमध्ये होता. शिक्का होता. म्हणाला, "हे दवाखान्यासाठी. तिची नीट काळजी घेतील." आत्या, तुला माहीत आहे आपण कशा वाढलो. शिक्का मारलेल्या कागदाला आपल्याकडे टोपी काढतात. मला ते वाचता येत नाही असं म्हणायलाही मी लाजले. सही केली. महिन्याने मला निळी पट्टी मिळाली. मी खूश होते. तुला लिहिलं तेव्हा मी खरंच खूश होते, हे सगळ्यात वाईट.

जानेवारीच्या शेवटी ल्युबित्साची भरपाईची मागणी फेटाळली. त्या कागदाची नक्कल कचेरीतल्या फळ्यावर लागली. तेर्त्तूला स्वीडिश वाचता येतं, तिने मला वाचून दाखवलं: ल्युबित्साने काम लवकर उरकण्यासाठी दांडा स्वतःच बांधला, आणि हे राइलीने पाहिलं. खाली माझी सही. दोन दिवसांनी आम्ही रोलरवर उभ्या होतो आणि समोर कॅमेरा होता. तेर्त्तूने विचारलं, "तू हे का लिहून दिलंस?" मी तिला उत्तर दिलं. मला वाटलं रोलरच्या त्या आवाजात माझं बोलणं तेर्त्तूशिवाय कुणालाच कळणार नाही. तू डोळ्यांपुढे आलीच नाहीस. खोटं बोलले. आलीस, पण फार लांब.

ल्युबित्सा आता आपल्या खोलीतच असते. तिला दुसऱ्या कुठल्या कारखान्यात घेत नाहीत, हात गेला म्हणून नाही, "सुरक्षेचा दांडा बांधणारी" म्हणून. मला बाजारात भेटली की मान हलवते. मी रस्ता बदलते.

मी बोलले तर ही खोली जाईल, ती कारखान्याची आहे. नोकरी जाईल. आणि सगळ्यांना कळेल मी काय केलं.

राइली

*

ताम्पेरे
२५ ऑक्टोबर १९७५

राइली,

रडून झालं असेल तर तोंड धू.

मग ल्युबित्साकडे जा. आधी तिच्याकडे, कचेरीत नंतर. जे ओठांनी म्हणालीस ते आता आवाजात म्हण. मला ऐकू येणार नाही, पण ज्यांना येतं त्यांना येऊ दे.

खोली गेली तर ताम्पेरेत माझं घर आहे. एकच खोली आहे आणि मी घोरते असं हिल्मा म्हणते, पण तिला कुठून ऐकू येणार.

आत्या

*

हेडेविक
३० नोव्हेंबर १९७५

आत्या,

गेले. जिन्यात दोनदा परत फिरले, मग गेले. ल्युबित्साने दार उघडलं, डाव्या हाताने. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत आहे. नक्कल मलाही पाठवली होती. तुझं नाव वाचता येतं मला." म्हणजे दहा महिने तिला माहीत होतं आणि ती मला बाजारात मान हलवत होती. मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले. उशीर केलास. बस, कॉफी गार होतेय." एका हाताने तांब्याच्या छोट्या भांड्यात तिने कॉफी केली, एक थेंब सांडला नाही. मी मदतीला उठले तर ओठांनी मला शिवी दिली. आपल्या भाषेतली, मीच शिकवलेली. दोघी हसलो, मग मला हसता येईना.

नंतर कामगारांच्या तपासणी कचेरीत गेले. सुंडेलिन म्हणाला, दोघी मैत्रिणी आहेत, आता जमवून बोलतायत. तिथले साहेबही म्हणाले, "बाई, एक वर्ष तुम्ही गप्प होतात. तेव्हाचा काही पुरावा आहे?" निळी पट्टी काढून घेतली आहे. खोलीचं अजून काही म्हणाले नाहीत.

मग मी गुन्वोरला फोन केला. तेव्हाचा पुरावा तिच्याकडे होता, अकॉर्डियनच्या खाली. ती दुसऱ्या दिवशी गाडीने आली, मला वाटलं ओरडेल. ती कपड्यांच्या गोण्यांवर बसली आणि म्हणाली, "सहा आठवडे मी तुम्हाला बोलतं करायला धडपडत होते. आणि तू बोललीस तेव्हा मी वर गाणं वाजवलं." मी तिला म्हटलं, मीच खोटं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी विश्वास ठेवला, कारण मला गाणं हवं होतं." अशी बाई आहे, आत्या. चूक वाटून घेत नाही, आपली आपण उचलते.

साहेब म्हणतात ओठ वाचणारा हवा. इथल्या बहिऱ्यांच्या शाळेतले गुरुजी स्वीडिश ओठ वाचतात, फिनिश त्यांना काही कळत नाही. तेर्त्तू चालणार नाही, ती माझी मैत्रीण. तेव्हा मी तुम्हा मागावरच्या बायकांबद्दल सांगितलं. साहेबांना पटेना. गुन्वोर म्हणाली, "मी प्रोजेक्टर घेऊन स्वतः ताम्पेरेला जाते."

येऊ दे का तिला?

राइली

*

ताम्पेरे
१६ डिसेंबर १९७५

राइली,

आली आणि गेली. सगळं रीतसर झालं, ऐक.

गिरणी कामगारांच्या सभागृहात कोर्टाचा एक कारकून बसवला होता. आम्ही सहाजणी, सगळ्या मागावरच्या, सगळ्या ठार बहिऱ्या, सगळ्यांत धाकटी मी, सदुसष्ट. एकेकीला आत बोलवायचं. फक्त तो तुकडा दाखवायचा, आवाज नाही, अक्षरं नाहीत. काय वाचलं ते कागदावर लिहायचं, सही करायची, पाकीट बंद. बाहेर आल्यावर पुढचीला काही सांगायचं नाही म्हणून आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं होतं. कारकुनाला कुणीतरी सांगितलं असावं की या समोरासमोर बसल्या तर संपलं.

हिल्मा आणि आउने यांनी आधी टीव्हीवर पाहिलं होतं हे कारकुनाला सांगितलं. माझं तुझं नातंही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. बाकीच्या तिघींना काहीच माहीत नव्हतं. त्यांतल्या एकीला तिची सून म्हणाली होती, "आता तुमच्या ओठांच्या बोलण्याचा काय उपयोग?" ती सुनेचा मोठा रुमाल बांधून आली होती आणि बाहेर पडताना राणीसारखी चालत होती.

आउने दोन वेळा बघते म्हणाली. दुसऱ्या वेळी डोळ्यांना रुमाल लावला.

गुन्वोरला मी घरी जेवायला नेलं. भाषा एकीची दुसरीला येत नाही. मी तिला खूप बोलले. सगळं समजल्यासारखी बघत होती. तिचे बूट मात्र पार फाटलेत, तिला सांग.

आता वाट बघायची.

आत्या

*

हेडेविक
२२ फेब्रुवारी १९७६

प्रिय आत्या,

निकाल लागला. गेल्या आठवड्यात.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ल्युबित्सा काळा कोट घालून आली होती, रिकामी बाही खिशात खोचलेली. सुंडेलिन खिडकीपाशी. साहेबांनी पाकिटं उघडली, दुभाष्याने एकेक वाचलं. "ल्युबित्साने दांडा बांधला नाही. सुंडेलिनने बांधला." पहिलं, दुसरं, तिसरं. ओळीने तेच. मी माझेच शब्द ऐकत होते, सहा म्हाताऱ्या बायकांच्या अक्षरांतून, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी ते खरोखर बोलले होते.

मग साहेब म्हणाले, "पाच कागदांवर सहा वाक्यं आहेत. एकावर पाचच आहेत." तो तुझा कागद. सुंडेलिन लगेच म्हणाला, बघा, जुळत नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जमवून लिहिलं असतं तर सहाही जुळले असते." आणि मग दुभाष्याने ते सहावं वाक्य वाचलं. सगळ्यांसमोर. तेर्त्तू, गुन्वोर, ल्युबित्सा.

"साइमी आत्याला कळलं तर ती मला परत कधीही पत्र लिहिणार नाही."

ल्युबित्साने तिचा एक हात माझ्या पाठीवर ठेवला.

तिचं नाव स्वच्छ झालं. भरपाई मिळेल. सुंडेलिनला काढलं. शहरातल्या शाळेच्या भांडारात तिला काम देतो म्हणालेत, कपड्यांचा हिशेब ठेवायचं. मला ठपका आहे, खोट्या कागदावर सही केल्याचा. तो बरोबरच आहे. खोली राहिली, पट्टी नाही. मी पुन्हा रोलरवर चादरी घालते. दांडा खाली आहे. दिवसातून वीस वेळा थांबतो. गुन्वोरने फिल्ममधली ती अक्षरं काढून टाकली, अकॉर्डियनही. आता तिथे नुसता रोलरचा आवाज आहे आणि खाली मी काय म्हणते ते लिहिलंय. पाच वाक्यं. सहावं घालू का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, आत्याला विचारते.

ते वाक्य तू का गाळलंस? तुझी नजर चुकत नाही. आउनेने वाचलं, हिल्माने वाचलं. तुझ्या एका कागदामुळे सगळं फिसकटलं असतं, आत्या. लाज वाटली का माझी?

राइली

*

ताम्पेरे
२९ फेब्रुवारी १९७६

राइली,

वाचलं होतं. सुतारांच्या घरीच वाचलं होतं, पहिल्यांदा. पुढचा सगळा वेळ मला पडदा धूसर दिसत होता.

कारकुनाने सांगितलं होतं, जे खरं आहे त्यावरच सही करा. पाच वाक्यं खरी होती, ती लिहिली. सहावं खोटं होतं. मी खोट्या कागदावर सही करत नाही.

तुझ्या गुन्वोरला सांग, तिचं ती ठरवेल, पण ते घातलं तर खाली लिही म्हणावं की आत्याला कळलं आणि तिने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं.

आता कामाचं. मी आयुष्यात देशाबाहेर गेले नाही. हिल्मा म्हणते मी बोटीवर मरेन. मी तिकीट काढलं आहे. मार्चच्या अठराला तुर्कूहून निघते, एकोणिसाला सकाळी स्टॉकहोमला. ल्युबित्सासाठी लिंगोनबेरीचा मुरांबा आणि वेलचीचे पाव आणते आहे, तिला विचार ती कॉफीत साखर किती घालते.

धक्क्यावर अगदी पुढे उभी राहा, दिव्याच्या खांबाशी, तोंडावर ऊन येईल असं. मी कठड्याशी असेन, तपकिरी टोपी. भोंगे वाजतील, इंजिन धडधडेल, लोक ओरडत असतील. तू ओरडू नकोस. तिथूनच बोल, नेहमीसारखं. बोट लागेपर्यंत आपलं निम्मं बोलणं झालेलं असेल.

तुझी
साइमी आत्या